मोटारीचा पिवळा दिवा

गेल्या आषाढांतील गोष्ट. रविवारची सायंकाळ होती. चाकणला आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत प्रार्थनासभा होती, म्हणून मी व माझी पत्नी चिंचवडहून आमच्या जुन्या मोटारींतून निघालों होतों. मोशी मागें पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि पुढें मालमोटारींच्या रांगेंत आमची गाडी गोगलगाईच्या गतीनें सरकत असतां समोरच्या तबकड्यांमध्यें एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकृतीचें तें इवलेंसें चित्र. ना आवाज, ना धूर, ना कसला धक्का.

“अहो, हा कसला दिवा?” पत्नीनें विचारलें.

“इंजिनाचा,” मीं मोठ्या गांभीर्यानें उत्तर दिलें. कारण याहून अधिक मला कांहींएक ठाऊक नव्हतें.

गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि खणांतील माहितीपुस्तिका चार वर्षांत प्रथमच उघडली. “उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा,” असें मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलेल्या शिक्षकानें आपल्याच गाडीचें पुस्तक एकदांही वाचलेलें नसावें, याची मला लाज वाटली. पुस्तिकेंतील सांगणें असें होतें : तेलाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा लागला तर गाडी तत्काळ थांबवावी. पिवळा दिवा स्थिर असेल तर सांभाळून चालवावी व लवकरच तपासून घ्यावी. परंतु तोच पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर वेग एकदम कमी करून गाडी थांबवावी; कारण त्या वेळीं न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन तेथें पेटतें व धूर शुद्ध करणारें महागडें पात्र निकामी करतें. आमचा दिवा स्थिर होता. तांबडें कांहीं नव्हतें. परमेश्वराचे आभार मानून आम्ही पुढें गेलों व सुखरूप पोंचलों.

गाडी चालत होती हें खरें. पण चौकांत उभी असतां इंजिन किंचित् थरथरत होतें. तेवढ्यावरून मला एरव्ही संशयही आला नसता.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर एका गॅरेजांत गेलों. तेथील मिस्त्रीनें स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्यें आपला स्कॅनर जोडला. पडद्यावर अक्षर व आंकडे उमटले : पी ०१७१. “मिश्रण पातळ दाखवितें आहे, साहेब. ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा घालावा लागेल,” असें म्हणून त्यानें पांच-सहा हजारांचा खर्च सांगितला. एवढी रक्कम ऐकून मी “विचार करून सांगतों” म्हणालों व परतलों. मंगळवारीं दुसऱ्या एका ठिकाणीं विचारलें. तेथील माणूस अधिक उदार निघाला. “सेन्सर कशाला घालतां? दोनशें रुपये द्या, दिवा घालवून देतों.” त्यानें यंत्र जोडलें, एक कळ दाबली आणि दिवा गेला. मला केवढा आनंद झाला! दुखणें गेलें असेंच मी समजलों. गुरुवारीं सकाळीं शाळेच्या वाटेवर तो पुन्हा लागला.

आतां येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी न सांगतां हा लेख मला सहज पुरा करतां आला असता. ती मोटार मला विकावयाची होती. माझ्या मुलीच्या महाविद्यालयाचें शुल्क ऑगस्टमध्यें भरावयाचें होतें आणि गाडीच्या पैशांवर माझी सारी भिस्त होती. माझ्या ओळखीचे एक तरुण शिक्षक ती घेणार होते. किंमत ठरली होती. शनिवारीं ते गाडी पाहावयास येणार होते. शुक्रवारीं सायंकाळीं मी पुन्हा त्या उदार माणसाकडे गेलों, पुन्हा दोनशें रुपये दिले आणि दिवा पुसून आणला.

घरीं आलों तेव्हां पत्नी भाकऱ्या करीत होती. तिनें पाठमोरी असतांनाच विचारलें, “अहो, त्यांना दिव्याचें सांगितलेंत का?”

“दिवा आतां लागलेला नाहीं,” मी म्हणालों.

“मीं तें विचारलें नाहीं.”

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हां त्यानें प्रथम एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, व मग त्याचा अपराध त्याच्या पदरांत घातला. माझ्या घरच्या नाथानास गोष्टीचीही गरज लागली नाहीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मनाशीं मीं अनेक युक्तिवाद केले. गाडी चालते, पी. यू. सी. चा दाखला ताजा आहे. जुनी गाडी घेणारानें थोडें सोसावेंच लागतें. आणि दोष कोणता हें मला तरी कोठें ठाऊक आहे? शेवटचा युक्तिवाद तर फारच सोयीचा होता. दोष काय आहे हें मला ठाऊक नव्हतें. पण दोष आहे हें मला पुरतेपणीं ठाऊक होतें.

शनिवारीं ते गृहस्थ आले. मीं त्यांना चहा दिला आणि सारी हकीकत सांगितली. काल दिवा पुसून आणल्याचेंही सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, सांगितलेंत हें बरें केलेंत. पण आतां मला थोडा विचार करावा लागेल.” त्यांनीं विचार केला व महिन्याभरांत दुसरी गाडी घेतली. त्यांत त्यांचें कांहींच चुकलें नाहीं. मुलीच्या शुल्कासाठीं मला पतपेढींतून कर्ज काढावें लागलें. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

त्याच सायंकाळीं मीं भोसरींत काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यास फोन केला. हा मुलगा माझ्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसे व शुद्धलेखनांत कसाबसा काठावर उत्तीर्ण होई. पुढें त्यानें आय. टी. आय. मध्यें मोटारदुरुस्तीचा अभ्यासक्रम पुरा केला व आतां तो एका लहानशा वर्कशॉपमध्यें हें काम करतो. त्याला मीं आरंभींच कां विचारलें नाहीं? शिक्षकाला विद्यार्थ्याकडे विद्या मागण्याचा संकोच वाटतो, हें त्याचें खरें कारण.

सोमवारीं काम आटोपून तो आला. मला वाटलें, आल्याबरोबर यंत्र जोडील. त्यानें तसें केलें नाहीं. निष्णात वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं जसे प्रश्न विचारतो, तसे त्यानें विचारले. दिवा प्रथम केव्हां लागला? इंजिन थंड होतें कीं तापलेलें? थरथर उभें असतां होते कीं वेगांतही होते? त्याआधीं गाडी कोठें उभी असे? पेट्रोल नेहमींच्याच ठिकाणीं भरलें होतें काय? माझीं उत्तरें ऐकून घेतल्यावर त्यानें स्कॅनर जोडला. पडद्याकडे पाहून तो क्षणभर थांबला व खालच्या आवाजांत म्हणाला, “सर, हें अलीकडेच कोणीतरी पुसलेलें दिसतें.”

मीं विचारलें, “तें तुला कसें कळलें?”

त्यानें समजावून सांगितलें. मोटारीचा संगणक आपल्या निरनिराळ्या भागांच्या परीक्षा चालतां चालतां घेत असतो. नोंद पुसली कीं त्या परीक्षांचे निकालही पुसले जातात व कित्येक दिवस ‘परीक्षा अपुरी’ असा शेरा तेथें दिसत राहतो. म्हणजे दोष लपविण्यासाठीं केलेल्या कृत्याची खूण मागें राहतेच. पाहणारा डोळा मात्र जाणता हवा. हें ऐकतांना माझ्या मनाची जी अवस्था झाली, ती मुलांनो, तुम्हांस उत्तरपत्रिकेंत खाडाखोड करतांना पकडले गेल्यावर होते तशीच होती.

दिवा लागलेला नसला तरी पी ०१७१ ही नोंद संगणकानें कच्च्या वहींत पुन्हा टिपून ठेवली होती. असले बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याखेरीज दिवा लागत नाहीं, असेंही त्यानें सांगितलें.

“मग सेन्सर बदलावयाचा का?” मीं विचारलें.

“नाहीं सर. हा आंकडा म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्न आहे. सेन्सरनें फक्त निरोप आणला. निरोप्यालाच चोर कसें म्हणावयाचें?”

त्याचें म्हणणें मला समजलें तें असें. पेट्रोल पूर्णपणें जळावयास वजनानें एका भागास सुमारें १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर धुरांत किती ऑक्सिजन उरला हें सांगतो. ऑक्सिजन अधिक उरला तर संगणक समजतो कीं पेट्रोल कमी पडलें, आणि तो पेट्रोल वाढवितो. ही भर वाढवितां वाढवितां ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, कीं तो पी ०१७१ अशी तक्रार नोंदवितो. आतां हवा जास्त झाली ती कां? पेट्रोलचा पंप दुबळा झाला असेल, फवारे तुंबले असतील, हवा मोजणारें साधन मळलें असेल, कोठें तरी भोंक पडून न मोजलेली हवा आंत शिरत असेल, किंवा सेन्सर खरोखरच बिघडला असेल. तक्रार एक, आणि आरोपी पांच!

त्यानें इंजिन सुरू केलें व मला पडदा दाखविला. सेन्सरचा विद्युद्दाब एक दशांश व्होल्टपासून नऊ दशांशापर्यंत भराभर खालींवर होत होता. म्हणजे सेन्सर जागा होता व आपलें काम करीत होता. गाडी उभी असतां संगणक पेट्रोलांत शेंकडा २२ भर घालीत होता. मग त्यानें इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांपर्यंत वाढविले. भर उतरत उतरत शेंकडा ५ वर आली.

“सर, पळीभर पाणी वाटीभर दुधांत घातलें तर दूध लगेच पातळ होतें. तेंच पळीभर पाणी घागरभर दुधांत घातलें तर कळतही नाहीं. इंजिन उभें असतां हवा थोडी घेतें, म्हणून चोरून शिरणारी हवा त्यांत फार दिसते; वेगांत भरपूर घेतें, तेव्हां ती लपून जाते. पंप दुबळा असता तर उलट झालें असतें. वेगांत जास्त पेट्रोल लागतें, तेव्हां तूट वाढली असती. म्हणजे कोठें तरी भोंक आहे.”

माझ्या मोटारींत इंजिनाकडे जाणारी हवा आरंभींच मोजली जाते. म्हणून मापाच्या पुढें कोठें भोंक पडलें तर तेथून शिरणारी हवा हिशेबाबाहेर राहते, हें त्यावरून माझ्या ध्यानांत आलें. व्याकरणांत काठावर उत्तीर्ण होणाऱ्या त्या मुलाचें हें अनुमान ऐकून, आपण गुणांवरून मुलांची बुद्धि मोजतों तें माप किती तोकडें आहे, असें मला वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

मग त्यानें एक फवाऱ्याचा डबा घेतला आणि इंजिनाभोंवतालच्या रबरी नळ्यांवर थोडा थोडा फवारा मारीत गेला. तो द्रव ज्वालाग्राही असतो. म्हणून त्यानें जवळ आग विझविण्याचें साधन ठेविलें होतें व आम्हांस दूर उभें केलें होतें. मुलांनो, ही गोष्ट घरीं करून पाहण्याची नव्हे. एका नळीजवळ फवारा जातांच इंजिनाचा सूर बदलला. विजेरीच्या उजेडांत त्यानें ती नळी उलटून दाखविली. तिच्या खालच्या अंगास बोटाच्या पेराएवढा भाग कुरतडलेला होता आणि त्यावर बारीक दांतांच्या खुणा स्पष्ट होत्या.

उंदीर! पावसाळ्यांत उबेसाठीं तो इंजिनाच्या खोलींत शिरला होता. गाडी मी जेथें उभी करीत असें, तेथून कचऱ्याची पेटी चार पावलांवर होती. सहा हजारांचा सेन्सर घातला असता, तरी उंदराचें भोंक तसेंच राहिलें असतें.

नवी नळी व दोन क्लिपा यांचा खर्च दोनशें रुपयांच्या आंतच झाला. मीं दिवा दोनदां पुसण्यास त्याच्या दुप्पट दिले होते. नळी बसविल्यावरही त्यानें लगेच नोंद पुसली नाहीं. आधीं पडद्यावर पाहिलें. भर शेंकडा ३ वर उतरली होती. तेव्हांच त्यानें नोंद पुसली आणि म्हणाला, “आतां पुसावयास हरकत नाहीं. पण चार-पांच दिवस गांवांत आणि मोठ्या रस्त्यावर चालवा, साऱ्या परीक्षा पुऱ्या होऊं द्या. मग मी पुन्हा पाहतों.” तो पुन्हा आला, पाहिलें, साऱ्या परीक्षा पुऱ्या झाल्या होत्या. मजुरी घेईना, बळेंच त्याच्या खिशांत घातली.

जातांना मीं त्याला विचारलें, “अरे, गाडी तर चांगली चालत होती. एवढ्याशा भोंकासाठीं दिवा लावून माणसाला इतकें कां घाबरवावयाचें?” तो हसून म्हणाला, “सर, तो दिवा तुमच्यासाठीं नाहींच. मागून येणाऱ्यासाठीं आहे.”

त्या वाक्यानें मला वाचावयास लाविलें. या दिव्याची कुळकथा अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या धुरक्यांत आहे. तेथें लोकांचे डोळे चुरचुरत व पिकांचीं पानें करपत. हॉलंडमध्यें जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनीं १९५० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मोटारी व तेलशुद्धीचे कारखाने यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें धुरकें बनतें. पुढें धुराच्या नळींत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेलें, मधाच्या पोळ्यासारखें पात्र बसूं लागलें. १९७६ सालीं ऑक्सिजन सेन्सर असलेल्या मोटारी प्रथम बाजारांत आल्या. परंतु हीं साधनें बिघडलीं तर मालकास कळावें कसें? गाडी तर पूर्ववत् चालते! म्हणून कॅलिफोर्नियानें १९८८ पासूनच्या मोटारींत स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा व हा दिवा सक्तीचा केला, आणि १९९६ पासून तिचें सुधारलेलें रूप साऱ्या अमेरिकेंत आलें. आपल्याकडे ‘भारत स्टेज चार’च्या नियमांबरोबर २०१० पासून ती येऊं लागली, २०१३ पासून अधिक कडक झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशांत ‘भारत स्टेज सहा’ लागू झालें.

माझ्या इंजिनांत हवा जास्त झाली, तेव्हां मला थोडी थरथर जाणवली, एवढेंच. पण धुरांत ऑक्सिजन जास्त उरला कीं तें पात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें पुरतें निवारण करूं शकत नाहीं. तो वायु माझ्या नाकांत जात नव्हता; मोशीच्या चौकांत माझ्या मागें दुचाकीवर थांबलेल्या कामगाराच्या, त्याच्या पुढ्यांत बसलेल्या लेंकराच्या नाकांत जात होता. प्रभूनें शेजाऱ्यावर प्रीति करावयास सांगितलें. आणि माझा शेजारी कोण, या प्रश्नाचें एक उत्तर मला मोटारीच्या आरशांत दिसलें.

आपला हा भाग मोटारींचा आहे. आकुर्डी, पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत तुमच्यांपैकीं कित्येकांचे आईवडील काम करतात. मोटारींची कसोटी घेणारी, १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही संस्था पुण्याचीच. म्हणून २०१५ सालची एक गोष्ट आपण विसरतां कामा नये. फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध जर्मन कंपनीनें आपल्या कांहीं डिझेल इंजिनांच्या संगणकास असें शिकविलें होतें कीं, परीक्षा चालू आहे असें ओळखतांच धूर स्वच्छ सोडावा, आणि रस्त्यावर मात्र वाटेल तसें वागावें. त्या वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकेंत हें उघडकीस आलें, व जगांतील सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ती लबाडी असल्याचें कंपनीनेंच कबूल केलें. त्याच डिसेंबरांत ए. आर. ए. आय. च्या तपासणीनंतर कंपनीनें भारतांतीलही सुमारें ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. या कंपनीचा एक कारखाना २००९ पासून चाकणला आहे. तेथें घाम गाळणाऱ्यांनीं ती युक्ति योजिली नव्हती. पण कमीपणा त्यांच्याही वांट्यास आला. मोठ्या विद्वान् अभियंत्यांनीं कोट्यवधि रुपये खर्चून जें केलें, तेंच शुक्रवारीं सायंकाळीं मीं दोनशें रुपयांत केलें होतें.

असो. तुम्हांपैकीं पुष्कळजण उद्यां मोटारी चालवाल, कांहीं त्या दुरुस्त कराल, कांहीं बनवाल. तुमच्यासाठीं चार गोष्टी सांगून लेख संपवितों. गाडीची पुस्तिका दिवा लागण्यापूर्वीं वाचा. दिव्याचा रंग व लुकलुकणें पाहा. आंकड्याला उत्तर समजूं नका. त्यामागचें कारण तपासून पाहणाऱ्याकडेच जा. आणि जुनी गाडी घेतांना किल्ली फिरवून, इंजिन सुरू करण्यापूर्वीं तो पिवळा दिवा लागतो कीं नाहीं हें अवश्य पाहा. निरोगी गाडींत तो त्या वेळीं लागतो व इंजिन सुरू होतांच मालवतो. तो मुळीं लागतच नसेल, तर कोणीतरी त्याचें तोंड बंद केलें आहे असें समजा.

माझी मोटार अजून माझ्याजवळच आहे. कचऱ्याच्या पेटीपासून ती आतां दूर उभी असते. रोज सकाळीं शाळेस निघतांना किल्ली फिरवितों, तेव्हां तो दिवा क्षणभर लागतो आणि मालवतो. तो लागल्याचें पाहिल्यावांचून आतां मी निघत नाहीं.